अकरा वर्षांची हॉट हॅचबॅक रोजच्या वापराला ठेवावी का?

खडकवासलाकर · ४ ऑक्टोबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, अशी ती आवृत्ती. चाकणला तयार झालेली ही गाडी मी २०१७ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतली आणि तेव्हापासून घरात दुसरी चारचाकी आलेली नाही. पुण्यात धायरीहून बाणेरला रोजचे जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, शनिवारची मंडई, वर्षातून तीन-चार वेळा कोकण आणि वडिलांना दवाखान्यात नेणे-आणणे हे सगळे तिनेच केले आहे. मीटरवर १ लाख १८ हजार किलोमीटर झाले आहेत.

गणपती झाल्यापासून खराब रस्त्यावर गाडी पुढून-मागून खडखडू लागली आहे, आणि सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरते. एका मोठ्या गॅरेजने तपासून अंदाजपत्रक दिले ते असे : पुढचे लोअर आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारे दांडे) बुशसह, म्हणजे सांध्यांतल्या रबरांसह, १८ हजार, चारही शॉकअब्सॉर्बर ३६ हजार, इंजिनाचे माउंटिंग (इंजिन ज्यावर बसते ते रबरी आधार) १४ हजार, पुढच्या ब्रेक डिस्क आणि पॅड २४ हजार, आणि 'या किलोमीटरला करून टाकलेले बरे' म्हणून क्लचचा संच ७० हजार. एकूण १ लाख ६२ हजार रुपये. त्याच आठवड्यात जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने गाडी आहे तशी ३ लाख १० हजारांना मागितली. घरातील मत दुभंगलेले आहे. मुलगी म्हणते विकू नका, आणि पत्नी म्हणते की एवढ्या पैशांत दोन वर्षे रिक्षाने फिरता येईल व रिक्षाचे बुश रिक्षावाला बदलेल.

ज्यांनी अशी जुनी, जोरकस पण लहान गाडी घरातील एकमेव गाडी म्हणून दहा वर्षांपुढे वापरली आहे, त्यांनी वर्षाचा खरा खर्च किती येतो आणि गाडी वर्षातले किती दिवस गॅरेजमध्ये असते हे कृपया सांगावे. जिव्हाळ्याची बाजू मला ठाऊक आहे. मला वहीतले आकडे हवे आहेत.

सीएनजी_समाधानी · ४ ऑक्टोबर, रात्री १०.१५

विकून टाका. वारजे ते चांदणी चौक या पट्ट्यात सकाळी नऊला १०५ अश्वशक्तीची गाडी आणि माझी सीएनजी वॅगन आर एकमेकींच्या शेजारी अगदी सारख्याच वेगाने उभ्या असतात.

पेठकर · ४ ऑक्टोबर, रात्री १०.३१

'सारख्याच वेगाने उभ्या असतात' हे वाक्य महापालिकेने चांदणी चौकात लावायला हरकत नाही.

नवशिका · ५ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल, पण हॉट हॅचबॅक नेमकी कशाला म्हणतात? माझ्या एका मित्राच्या मते स्पॉयलर आणि लाल शिलाईची आसने असली की झाले.

पालिओप्रेमी · ५ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

नवशिका, लाल शिलाई दोन हजारांत कोणीही करून देतो. घरगुती, पाच दरवाजांची किंवा तीन दरवाजांची डिकीवाली लहान गाडी घ्यायची, तिच्यात तिच्या वजनाच्या मानाने अंमळ जास्तच ताकदीचे इंजिन बसवायचे, आणि त्याला पेलतील असे ब्रेक व सस्पेन्शन द्यायचे, ही मूळ कल्पना. १९७६ मध्ये आलेल्या पहिल्या गोल्फ जीटीआयला १.६ लिटरचे ११० अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि कारखान्याने तेव्हा फक्त ५,००० गाड्या काढायचे ठरवले होते. पुढे ती लाखोंनी विकली गेली. आपल्याकडे ती गोल्फ जीटीआय अधिकृतपणे २०२५ मध्ये आली, तीही ५३ लाखांना, त्यामुळे तो विषय आपण आदराने बाजूला ठेवू.

भारतात या जातीला कराने वेसण घातली. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत असेल तरच 'लहान गाडी' म्हणून कमी कर लागत असे. पोलो जीटीचे इंजिन १,१९७ सीसीचे का आणि तिची लांबी ३,९७१ मिलिमीटर का, याचे उत्तर त्यात आहे. माझी फियाट पालिओ जीटीएक्स या नियमाच्या आधीची, म्हणून तिला १,५९६ सीसीचे, १०० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. त्याची किंमत मी पेट्रोलपंपावर चुकवतो.

आता धागाकर्त्यांनी मागितलेले आकडे देतो. गाडी २००२ ची, दोन लाख सहा हजार किलोमीटर झालेली. निवृत्त होईपर्यंत मी ती रोज कोथरूडहून पिंपरीला नेत होतो, आणि आजही घरात तीच एक गाडी आहे. २००९ पासून मी वही ठेवली आहे. पेट्रोल व विमा सोडून गेल्या पाच वर्षांचा सरासरी खर्च वर्षाला ३८ हजार येतो, पण ही सरासरी फसवी आहे. एका वर्षी ११ हजारांत भागले आणि २०२१ मध्ये क्लच, रेडिएटर, टायर व टायमिंग बेल्ट एकाच वर्षात आल्यामुळे ८१ हजार गेले. म्हणून मी दरमहा ३,५०० रुपये वेगळ्या खात्यात टाकतो, मग त्या महिन्यात गाडीला काही लागो वा न लागो. ज्या महिन्यात काही लागत नाही त्या महिन्यात ते पैसे 'वाचले' असे मी समजत नाही. गॅरेजमध्ये गाडी वर्षाला साधारण नऊ दिवस असते. त्यांतले सहा दिवस मी स्वतः ठरवलेले असतात आणि तीन दिवस गाडी ठरवते.

याखेरीज, अजून चार वर्षांनी आपल्या गाडीची पंधरा वर्षे भरतील तेव्हाचे आत्ताच लिहून ठेवा. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मी २०१७ मध्ये ६०० रुपये भरले. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ५,००० झाले, त्यामुळे २०२२ च्या जुलैत मी पाच हजार भरले. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारींना १०,००० लागतात, म्हणजे २०२७ मध्ये माझी पाळी आहे. पर्यावरण कर निराळा. हे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांचे असते आणि त्यासाठी गाडी आरटीओला नेऊन दाखवावी लागते. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर जी बंदी आली, तसा नियम पुण्यात नाही. अनेक व्यापारी मात्र तो असल्यासारखे बोलून किंमत पाडतात.

भोसरीकर · ५ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगात तीस वर्षे होतो, त्यामुळे माझे लक्ष गाडीपेक्षा अंदाजपत्रकाकडे आधी गेले. त्या १ लाख ६२ हजारांत तीन वेगळ्या जातींचे खर्च एकाच पिशवीत भरलेले आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय 'विकू की ठेवू' हा प्रश्नच उभा राहत नाही.

पहिली जात वयाची. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षे मोजते. बुश, माउंटिंग, कूलंटच्या नळ्या, दारांची रबरे हे सारे अकरा वर्षांत कडक होऊन तडकतेच, गाडी कोणत्याही कंपनीची असो आणि कितीही जपून चालवलेली असो. स्टिअरिंगची थरथर बहुधा माउंटिंगचीच आहे, आणि पुढचे लोअर आर्म या वयात जाणे हे दुखणे नव्हे, तो पिकलेला केस आहे. हे दोन खर्च नि:शंकपणे करा.

दुसरी जात मोजून ठरवण्याची. ब्रेक डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. मेकॅनिकला व्हर्नियर लावायला सांगा आणि आकडा स्वतः वाचा. डिस्क त्या जाडीच्या वर असेल आणि तिच्यावर खोल चरे नसतील, तर केवळ पॅड बदलून चालते. क्लचचेही तसेच. आपल्या गिअरबॉक्समध्ये दोन कोरडे क्लच आहेत : एक १, ३, ५ आणि ७ या गिअरसाठी, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्ससाठी. दोन्हींची झीज स्कॅनर लावून आकड्यांत वाचता येते. 'या किलोमीटरला करून टाकू' हे निदान नसून पंचांग आहे. ते आकडे छापून मागा. गॅरेजवाला देत नसेल, तर त्याने ते पाहिलेले नाहीत.

तिसरी जात अंदाजाची. चारही शॉकअब्सॉर्बर एकदम गेले असे क्वचित होते. खडखड पुढून-मागून येते एवढेच आपण लिहिले आहे, नेमकी कोठून ते नाही. डिकी पूर्ण रिकामी करा, जॅक, पाना आणि स्टेपनीसुद्धा काढून ठेवा, मागच्या आसनावर कोणाला तरी कान देऊन बसवा, आणि त्याच रस्त्यावरून त्याच वेगाने पुन्हा जा. शॉकअब्सॉर्बरमधून तेल पाझरत असेल तर ते डोळ्यांना दिसते. मागचे दोन कोरडे असतील, तर ते तूर्त राहू द्या.

गुलबक्षी · ५ ऑक्टोबर, रात्री ९.१२

भोसरीकर काकांचे 'पंचांग' मी आमच्या गॅरेजच्या भिंतीवर लिहून देणार आहे.

माझ्याकडे २०१६ ची फियाटची अबार्थ पुंटो आहे. १.४ लिटरचे टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०१५ च्या ऑक्टोबरात ती ९ लाख ९५ हजारांना आली, तेव्हा दहा लाखांत एवढी ताकद देणारी दुसरी गाडी बाजारात नव्हती. माझी रांजणगावला बनली आणि तिथून तासाभराच्या अंतरावर खराडीत राहते, म्हणजे माहेर जवळ असलेली मुलगीच. मात्र २०१९ मध्ये फियाटच्या मोटारी भारतात बंद झाल्या, तेव्हापासून माहेरचे लोक ओळख देतात पण घरात घेत नाहीत, अशी स्थिती आहे.

सांगायचा मुद्दा असा की जुन्या हॉट हॅचबॅकमध्ये पैसा हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न वाट पाहण्याचा आहे. साधी पुंटो आणि फियाटचीच लिनिया यांचे पुष्कळ भाग सामाईक असल्यामुळे बुश, फिल्टर, बेल्ट हे दुसऱ्या दिवशी मिळतात. फक्त अबार्थला लागणारा भाग असेल, तर मात्र कधी दोन दिवस तर कधी पाच आठवडे. एकदा एका दुकानदाराने 'मूळ भाग आहे' असे सांगून दिलेला सेन्सर दहा दिवसांत गेला आणि मी तीन आठवडे बसने कार्यालयात गेले. तेव्हापासून मी तीन वस्तू कपाटात आधीच आणून ठेवते : इग्निशन कॉइल, थर्मोस्टॅट आणि टायमिंग बेल्टचा संच. साड्यांच्या खाली बेल्ट ठेवलेला पाहून सासूबाईंनी एकदा विचारले होते की हा कमरेला कसा बांधायचा.

खर्च वर्षाला सरासरी ४५ हजार, पेट्रोल वेगळे. शहरात अ‍ॅव्हरेज ९ मिळते. गॅरेजचे दिवस मी मोजले नव्हते. हा धागा वाचून मोजले तर गेल्या वर्षी २३ भरले, त्यांपैकी १६ केवळ भागाची वाट पाहण्यात गेले. आपल्या पोलोचे उत्पादन २०२२ पर्यंत चालू होते आणि रस्त्यावर ती भरपूर आहे, त्यामुळे ही अडचण आपल्याला बरीच वर्षे येणार नाही. हे मी विकण्याच्या विरुद्ध बाजूला ठेवेन.

सीएनजी_समाधानी · ६ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

वर्षाला ४५ हजार, २३ दिवस बस आणि कपाटात बेल्ट. हे सगळे वाचून माझी वॅगन आर अधिकच सुंदर दिसू लागली आहे. शिवाय आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, ते या जुन्या टर्बो इंजिनांना किती दिवस पचेल?

भोसरीकर · ६ ऑक्टोबर, सकाळी १०.२५

हा प्रश्न योग्य आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज घटणारच. शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट ६ ते ७ टक्के असेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते. म्हणजे शहरात १० देणारी गाडी ९.३ ते ९.४ पर्यंत खाली येते. इंजिनाच्या आत मात्र इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी पेटण्याला होणारा विरोध, जास्त असल्याने टर्बो इंजिनाला ठोके बसण्याची भीती वाढत नाही.

काळजी करायची ती जुन्या रबरी नळ्या, सील आणि टाकीतल्या पाण्याची, कारण इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढते. आणि येथे रोज चालणारी गाडी उभ्या गाडीपेक्षा सुखी असते. धागाकर्त्यांची टाकी दहा दिवसांत रिकामी होऊन पुन्हा भरते. जी मंडळी अशा गाड्या कापडाखाली झाकून रविवारी तेवढ्या काढतात, त्यांच्याच बॅटऱ्या बसतात, डिस्क गंजतात, टायर एका बाजूने चपटतात आणि सील सुकतात. गॅरेजमध्ये मी पाहिलेल्या सर्वांत रडव्या गाड्या कमी चाललेल्या होत्या. इंधनाच्या नळ्या मात्र या सर्व्हिसिंगला हाताने दाबून पाहून घ्या आणि कडक लागल्या तर बदला.

नवशिका · ६ ऑक्टोबर, दुपारी १.०२

आणखी एक शंका. एवढा खर्च करायचाच आहे तर त्यातच रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलून, ताकद १३० पर्यंत नेली तर काय हरकत आहे? पंचवीसेक हजारांत होते असे ऐकले.

भोसरीकर · ६ ऑक्टोबर, दुपारी १.४८

ज्या माणसाचे गुडघे तपासायला चाललो आहोत त्याला मॅरेथॉनचे नाव घालून देऊ नये. या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे आणि इंजिन मुळात १७५ देते. मधली जागा आहे ती गिअरबॉक्सला दीर्घायुष्य देण्यासाठीच आहे असे समजावे.

सर्वेक्षक · ६ ऑक्टोबर, रात्री ८.३०

विम्याच्या बाजूने दोन शब्द, कारण जुन्या गाडीच्या हिशेबात तो नेहमी विसरला जातो. रीमॅप विमा कंपनीला न कळवता केला, तर दाव्याच्या वेळी वादाला तोंड फुटते. आणि दहा वर्षांवरील गाडीच्या साध्या विम्यात धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरीवर तर पहिल्या वर्षापासूनच ५० टक्के. घसारा न कापणारी जोडविमा योजना या वयाच्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणजे बंपर, दिवा आणि रेडिएटर फुटला तर जवळजवळ निम्मे बिल आपलेच असते, हे धरून चाला.

आपण धायरीला राहता म्हणून खास सांगतो. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरले, त्यानंतर आलेल्या दाव्यांत सर्वांत वाईट अवस्था अशा गाड्यांची होती ज्या मालकांनी पाणी ओसरल्यावर 'चालू होते का पाहू' म्हणून स्टार्टर मारला होता. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतला दांडा वाकतो, आणि साध्या विम्यात हे परिणामी नुकसान म्हणून नाकारले जाते. बुडालेली गाडी ढकलून टेम्पोवर चढवावी. किल्ली खिशातच ठेवावी.

पेठकर · ७ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

पाण्यापेक्षा मोठे संकट सदाशिव पेठेत आहे, ते म्हणजे उंदीर. माझ्या जुन्या टर्बो हॅचबॅकचे इंजिन रात्री साडेदहापर्यंत गरम राहते आणि वाड्यातील उंदरांच्या तीन पिढ्या त्या उबेत वाढल्या. मागच्या थंडीत ऑक्सिजन सेन्सरची वायर कुरतडली, इंजिनाचा पिवळा दिवा लागला, आणि मी टर्बो गेला या समजुतीने दोन रात्री झोपलो नाही. शेवटी मिस्त्रीने बॅटरीच्या खालून अर्धी चपाती काढून दाखवली. डांबरगोळ्या, तंबाखूची पुडी, कडुनिंबाचा पाला सर्व झाले. उपयोग एकाच गोष्टीचा झाला : रात्री बॉनेट उघडे ठेवणे. उजेड आणि गारवा आला की ते शेजारच्या सेडानमध्ये जातात. शेजाऱ्यांना हे कृपया कळवू नये.

मूळ प्रश्नावर माझे मत असे की पेठेत ज्याला गाडी लावायची आहे त्याला चार मीटरच्या आतली गाडीच हवी, आणि त्यातल्या त्यात कात्रजचा जुना घाट चढताना जिला दुसऱ्या गिअरची विनवणी करावी लागत नाही अशी हवी. आताच्या नव्या लहान गाड्या चांगल्या आहेत, पण त्यांतल्या बहुतेकींचे स्टिअरिंग लोण्यात सुरी फिरवल्यासारखे लागते.

सीएनजी_समाधानी · ७ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

एक प्रामाणिक प्रश्न, थट्टा नव्हे. अशीच ताकद हवी तर नवीन का घेऊ नये? अल्ट्रोझ रेसर २०२४ मध्ये १२० अश्वशक्तीची आली, आय-ट्वेंटी एन लाइनही तेवढ्याच ताकदीची आहे. हमी मिळेल, विमा नीट मिळेल, उंदीर तेवढेच मिळतील.

पालिओप्रेमी · ७ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

नव्या गाडीविषयी माझी तक्रार नाही, हिशेब मात्र पूर्ण मांडावा. कर्ज काढून घेतलेल्या नव्या गाडीचा हप्ता महिन्याला पंधरा-सोळा हजार धरला, तरी एका वर्षाच्या हप्त्यांत माझ्या वहीतली पाच वर्षे बसतात. ज्याला ठरलेल्या वेळी, न चुकता, डॉक्टरकडे किंवा विमानतळावर पोहोचायचे आहे आणि गॅरेजशी संबंध ठेवायचा नाही, त्याने हप्ता भरावा. तो हप्ता निश्चिंतपणाचा आहे. धागाकर्त्यांच्या घरी वृद्ध वडील आहेत, म्हणून हा मुद्दा मी हलका धरत नाही. पण पूर्वसूचना देऊन बिघडणारी गाडी आणि रस्त्यात उभी करणारी गाडी यांत फरक आहे, आणि तो फरक बहुतांशी मालक तिच्याकडे किती लक्ष देतो यावर ठरतो.

लक्ष म्हणजे काय, याचा एक नमुना. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. '२३१९' असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. माझ्या एका स्नेह्याच्या गाडीच्या टायरवर नक्षी भरपूर होती म्हणून ते निर्धास्त होते. आकडे वाचले तर टायर नऊ वर्षांचे निघाले, आणि खाचांच्या तळाशी नखाएवढ्या चिरा होत्या. ब्रेक ऑइलचेही असेच. ते ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि ताम्हिणी उतरताना शेवटच्या वळणावर पेडल मऊ लागते. दर दोन वर्षांनी बदलायला हजाराच्या आसपास खर्च येतो.

भोसरीकर · ७ ऑक्टोबर, सायंकाळी ६.२०

पालिओप्रेमींच्या यादीत टर्बोसाठी भर घालतो. ऑइल पुस्तकात १५ हजार किलोमीटरला बदला असे लिहिले असले, तरी पुण्याच्या थांबत-चालत वाहतुकीत १० हजारांना किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदलावे, आणि कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे, नाहीतर टर्बोमध्ये अडकलेले तेल तिथेच जळून काजळी होते. आपल्या टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, ते इनटेक वाल्व्हवरून (हवा आत घेणाऱ्या झडपेवरून) वाहत नाही, त्यामुळे वाल्व्हच्या मागे काजळी साचते आणि लाखभर किलोमीटरनंतर पिकअप मंदावतो. ती घासून काढता येते. गुलबक्षी ताईंच्या इंजिनात पेट्रोल वाल्व्हच्या आधी फवारले जाते, म्हणून त्यांना ही कटकट नाही. त्यांनी कपाटातला बेल्ट मात्र वेळेत कमरेला, म्हणजे इंजिनाला, बांधावा.

आणि क्लच वाचवायचा असेल, तर रहदारीत पुढच्या गाडीच्या मागे इंचाइंचाने सरकू नका. दोन गाड्यांचे अंतर पडू द्या, मग ब्रेक सोडून गाडी नीट पहिल्या गिअरमध्ये चालू द्या. मधल्या जागेत रिक्षा घुसेल. घुसू द्या. सत्तर हजारांचा क्लच आहे.

खडकवासलाकर · १८ ऑक्टोबर, रात्री १०.०५

सर्वांचे मनापासून आभार, आणि उशिराबद्दल क्षमस्व. मधल्या दोन आठवड्यांत जे घडले ते क्रमाने सांगतो.

भोसरीकरांच्या सूचनेप्रमाणे रविवारी सकाळी डिकी रिकामी केली. जॅक जागेवर घट्ट होता. स्टेपनी उचलली तेव्हा तिच्या खालच्या खोलगट जागेत पितळी टाळांची एक जोडी सापडली, दोरीसकट. विसर्जनाच्या दिवशी सोसायटीच्या मंडळाचे साहित्य मी गाडीतून आणले होते, त्यातले टाळ तिथे घरंगळले आणि महिनाभर खड्ड्याखड्ड्याला आरती करत होते. मागची खडखड एवढीच होती. मागचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर कोरडे आणि ठीक आहेत, म्हणजे १६ हजार वाचले.

मग आंबेगावच्या एका छोट्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून क्लचचे आकडे काढले. विषम गिअरचा क्लच अपेक्षेप्रमाणे जास्त झिजलेला आहे, पण दोन्ही मर्यादेत आहेत. मेकॅनिकचे म्हणणे की वर्षभराने पुन्हा वाचू. ब्रेक डिस्कवर व्हर्नियर मी स्वतः लावला. जाडी किमान आकड्याच्या बरीच वर आहे, त्यामुळे ७ हजारांत पॅडच बदलले. लोअर आर्म, माउंटिंग आणि पुढचे दोन शॉकअब्सॉर्बर खरेच गेलेले होते. जुना बुश मिस्त्रीने हातात दिला तेव्हा त्याचे रबर खारकेसारखे सुरकुतलेले होते आणि मधली नळी बोटाने फिरत होती. एकूण बिल ५९ हजार झाले. टायरचे आकडेही वाचले : '११२०'. पुढच्या वर्षी तो खर्च आहे.

गाडी ठेवली आहे. पत्नीची अट अशी की दरमहा ४ हजार वेगळ्या खात्यात जातील आणि त्या खात्याचे पासबुक तिच्याकडे राहील. वडिलांच्या दवाखान्याच्या तारखा ठरलेल्या असतात, म्हणून सर्व्हिसिंग त्या आठवड्यात ठेवायचे नाही असे कॅलेंडरवर लिहिले आहे. रहदारीत अंतर ठेवून चालवतो. पहिल्याच दिवशी वारजे पुलाखाली मधल्या जागेत दोन रिक्षा, एक स्कूटर आणि सीएनजी वॅगन आर घुसली.

सीएनजी_समाधानी · १८ ऑक्टोबर, रात्री १०.११

चंदेरी होती का?

खडकवासलाकर · १८ ऑक्टोबर, रात्री १०.१४

होय. मागच्या काचेवर ज्ञानेश्वर माउलींचे चित्र होते.

सीएनजी_समाधानी · १८ ऑक्टोबर, रात्री १०.१६

मग मी नव्हे. पण टाळ तिकडे द्यायला हरकत नव्हती.